पंप बदलण्याआधी थांबा: जुन्या गाडीच्या फ्युएल पंपाबाबत या चुका टाळा

'सेल्फ घेते, पण स्टार्ट होत नाही' एवढं ऐकलं की बरेच मेकॅनिक बॉनेटही न उघडता निकाल देतात, 'पंप गेला.' नवा पंप बसतो, गाडी आठवडाभर नीट चालते आणि मग ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये पुन्हा तशीच बंद पडते. पंपापर्यंत करंट नीट पोचतो का, हे कुणी बघितलेलंच नसतं. जुन्या गाडीत पंपापेक्षा वायरिंगवर संशय आधी घ्यावा, असं माझं मत आहे. आपल्याकडे, ठाणे-नवी मुंबईत, तर नक्कीच. खाडीची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून तांब्याच्या वायरचं काय करतात, ते ऐरोली-वाशीकडच्या कुठल्याही वायरमनला विचारा.

हे सगळं २००० सालच्या आसपास किंवा त्यानंतर आलेल्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) पेट्रोल गाड्यांबद्दल आहे. म्हणजे जुनी झेन, अल्टो, सँट्रो वगैरे. त्यात इंजिनकडे पेट्रोल ढकलणारा पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. चावी ऑन केली की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) रिलेमार्फत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमार्फत, त्याला दोन-तीन सेकंद चालवतो आणि मागून बारीक 'घूंऽऽ' ऐकू येतं. इंजिन फिरतंय असा क्रँक सेन्सरचा सिग्नल आल्यावरच पुढे पंप सलग चालतो. एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ खर्च वाचतो. चावी ऑन करताना आवाज येतो, पण सेल्फ मारताना पंप गप्प राहतो, तर आधी क्रँक सेन्सर बघा. आरपीएमचा काटा असेल तर सेल्फ मारताना तो किंचित हलतो का तेही पाहा. अजिबात हलत नसेल तर संशय आणखी पक्का.

आवाज अजिबातच नसेल तर फ्यूज आणि रिले तपासा. त्याच बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, बहुतेक वेळा हॉर्नचा. तो काढून पंपाच्या जागी लावून बघायला पैसे लागत नाहीत. रिले टकटक वाजतो म्हणून तो ठीक आहे असं धरू नका, आतले पॉइंट जळलेले असले तरी तो वाजतोच. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर जास्त अँपिअरचा टाकणं किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळणं म्हणजे टाकीपर्यंत जाणारी वायर पेटवण्याची तयारी. जुन्या फोर्ड आणि फियाट गाड्यांत एक इनर्शिया स्विचही असतो. टक्कर झाली की पेट्रोल बंद व्हावं म्हणून तो दिलेला, पण मोठ्या खड्ड्यात आदळल्यावरही उडू शकतो. आपल्या रस्त्यांवर हे वेगळं सांगायला नको. कुठे पेट्रोल गळत नाही एवढं बघून तो दाबला की गाडी चालू.

आता खरी गफलत. पंपाचा कनेक्टर काढून मल्टिमीटर लावतात, १२ व्होल्ट दिसतात आणि 'सप्लाय ओके, पंपच खराब' असं ठरतं. पण लोड नसताना वायरची एकच तार शाबूत असली तरी मीटर १२ दाखवतो. पंप काही अँपिअर करंट ओढायला लागला की त्याच वायरवर व्होल्टेज कोलमडतं. म्हणून कनेक्टर जोडलेला ठेवून, पंप चालू असताना मागच्या बाजूने पिनवर मोजा. बॅटरीवरच्या आकड्यापेक्षा तिथे अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी दिसत असेल तर वाटेत कुठेतरी वायर व्होल्टेज खातेय. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं पंपाच्या अर्थ (निगेटिव्ह) पिनवर लावा. इथे जवळजवळ शून्य यायला हवं. ०.२-०.३ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ खराब. त्या अर्थ वायरचा गोल थिंबल (टोकाची धातूची कडी) मागे बॉडीला बोल्टने घट्ट केलेला असतो. वरून टेप ठीकठाक दिसते, ती सोलली की आत हिरवी भुकटी. पॉलिश पेपरने बॉडीचा पत्रा चकचकीत करून, नवा थिंबल लावून, वर ग्रीस फासलं की मेलेला म्हणवलेला पंप खणखणीत चालू झालेला पाहिला आहे.

व्होल्टेज ठीक असेल तर प्रेशर गेज लावा. या गाड्यांत साधारण ३ बारच्या आसपास प्रेशर लागतं, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. सकाळी लांब सेल्फ मारावा लागतो, पण चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ केली की गाडी पटकन चालू होते, याचा अर्थ रात्रभरात लाइनमधलं प्रेशर उतरतंय. पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारा), प्रेशर रेग्युलेटर किंवा टपकणारा इंजेक्टर, यांपैकी काहीतरी. घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढाला पिकअप जातो, सपाटीला ठीक, तर फिल्टर आणि टाकीतली जाळी आधी. टाकीवर ठोकल्यावर पंप चालू झाला तर मात्र त्याच्या मोटरचे ब्रश (करंट देणारे कार्बनचे तुकडे) संपलेत. घरी जा आणि पंप बदला, रोज ठोकत बसू नका.

सीएनजीवाल्यांचं प्रकरण वेगळं. पेट्रोलचा काटा कायम तळाला, 'फक्त स्टार्टिंगपुरतं लागतं ना!' पण बऱ्याच सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेल्या) किटमध्ये गाडी सीएनजीवर असतानाही पंप फिरतच असतो आणि त्याला थंड ठेवणारं पेट्रोलच. टाकी कोरडी म्हणजे पंप तापणार. पाव टाकी ठेवा आणि अधूनमधून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा. इथे निदानाची एक सोय मात्र आहे. गाडी सीएनजीवर मस्त आणि पेट्रोलवर मरत असेल तर दोष पेट्रोलच्याच बाजूचा. दोन्हींवर मरत असेल तर पंपाचा नाद सोडा.

पंप खरोखर बदलायचाच असेल तर बंदिस्त पार्किंगमध्ये तो उद्योग नको. पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालवा, ते आपोआप बंद पडलं की लाइनमधलं प्रेशर उतरलं. मग बॅटरीचा निगेटिव्ह काढा. काही गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण मिळतं, बाकीच्यांत टाकी उतरवावी लागते. मेहनत वाचवायला ग्राइंडरने फ्लोअर कापून देतो म्हणणाऱ्याच्या हातून चावी परत घ्या, खाली पेट्रोलची वाफ भरलेली टाकी आहे. टाकीच्या आत साधा फ्युएल पाइप चालत नाही. तो बाहेरून पेट्रोल सोसायला बनलेलाच नसतो, फुगतो आणि सुटतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यामुळे बुडवून वापरायचाच पाइप मागा. त्याच्यावर एसएई ३०आर१० लिहिलेलं असतं. जाळी आणि वरचा रबर सील नवीनच घ्या. काम झाल्यावर एकदा टाकी फुल करून बघा. सील वेडावाकडा बसला असेल तर अर्ध्या टाकीला कळत नाही, फुल टाकीला पहिल्याच वळणावर मागच्या सीटपाशी वास येतो.