ज्युनिअरचा रिपोर्ट तपासताना: आधी इमेजेस, मग ड्राफ्ट

हे खास रेडिओलॉजीत नव्याने एसआर (सीनिअर रेसिडेंट) किंवा लेक्चरर झालेल्यांसाठी, ज्यांच्या लॉगिनला आता जेआरचे (ज्युनिअर रेसिडेंट, म्हणजे अजून शिकणाऱ्या डॉक्टरांचे) रिपोर्टचे ड्राफ्ट साइन ऑफला यायला लागलेत.

ड्राफ्ट लगेच उघडू नका. आधी हिस्ट्री वाचा, इमेजेस स्वतः बघा, मनात आपलं इम्प्रेशन (निष्कर्ष) पक्कं करा आणि मगच त्यांनी काय लिहिलंय ते वाचा. उलटं केलं की डोळा जे लिहिलंय तेवढंच शोधत बसतो. हायवेवरच्या ॲक्सिडेंटचे, ऊस ट्रॉलीला धडकलेले पेशंट रात्री येतात त्यांच्या ब्रेन सीटीत हे जास्त घडतं, जेआरने फ्रॅक्चर बरोबर पकडलेलं असतं आणि ते सापडल्यावर शोध तिथंच थांबतो, शेजारी कवटीला चिकटलेलं पातळ सबड्युरल (मेंदूच्या आवरणाखाली साचलेलं रक्त) मात्र राहून जातं. ८० च्या विंडोवर (विंडो म्हणजे स्क्रीनवर राखाडी छटांत दाखवायची रेंज) ते हाडाच्या पांढऱ्यात मिसळतं, म्हणून विंडो २०० च्या आसपास रुंद करा, कोरोनल (समोरून दिसणारे उभे काप) बघा, टेंटोरियमवर (मोठ्या आणि छोट्या मेंदूमधला पडदा) नजर टाका. आणि हे सगळं जेआरला शेजारी बसवून करा, कारण विंडो बदलल्यावर ते सबड्युरल दिसायला लागतं तो क्षण त्याने स्वतः बघितला पाहिजे.

हिस्ट्रीचं तर आपल्याकडं फार महत्त्व आहे. समजा छातीच्या एक्स-रेत दोन्हीकडं बारीक नोड्यूल्स (गाठी) आहेत आणि जेआरने 'मिलिअरी कॉक्स' (फुफ्फुसभर बारीक दाण्यांसारखा पसरलेला टीबी) लिहून टाकलंय. तिथं सरळ खोडू नका, विचारा, "अगं, पेशंट काम कुठं करतो ते विचारलंस का?" कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत वर्षानुवर्षे वाळूत काम केलेला माणूस असेल तर सिलिकोसिस (वाळूच्या बारीक धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) डोक्यात यायलाच पाहिजे. सिलिकोसिसचे नोड्यूल्स वरच्या झोनमध्ये जास्त असतात, कधी हायलर नोड्सना (फुफ्फुसाच्या मुळाशी असलेल्या लसिकाग्रंथींना) अंड्याच्या कवचासारखं कॅल्सिफिकेशन दिसतं, मिलिअरीचे साधारण १ ते ३ मिमीचे आणि सगळीकडं सारखे पसरलेले. पण सिलिकोसिसवाल्याला टीबी होण्याचा धोकाही जास्त, त्यामुळं टीबी रिपोर्टमधून पुसून टाकायचा नाही, दोन्ही लिहायचं आणि थुंकी तपासायला सांगायचं. चंदगड, गगनबावड्याहून आलेल्या पेशंटच्या पिशवीत जुनी फिल्म असते बघा, ती मागून घ्या, सहा महिन्यांपूर्वीही असंच होतं का हे त्यातच कळतं.

टेम्प्लेटच्या चुका वेगळ्या बघाव्या लागतात. पित्ताशय काढलेल्या बाईच्या रिपोर्टमध्ये 'गॉल ब्लॅडर नॉर्मल', एक किडनी काढलेल्याला 'दोन्ही किडन्या नॉर्मल'. डावं उजवं, मिमी सेमी, आणि डिक्टेशनमध्ये गळलेला 'नो', हे तीन दर वेळी. शेवटी इम्प्रेशन आणि फाइंडिंग्स (इमेजमध्ये दिसलेल्या गोष्टी) जुळवा, वर नोड्यूल लिहिलाय आणि खाली त्याचा पत्ताच नाही असं नको.

आता काय बदलायचं नाही. तुम्हाला आवडतं म्हणून वाक्य फिरवू नका. अर्थ तोच असेल तर त्याचे शब्द त्यालाच राहू द्यात, नाहीतर सगळा ड्राफ्ट लाल होतो आणि ज्या एका दुरुस्तीने पेशंटचा उपचार बदलणार होता ती त्या गर्दीत दिसतच नाही. मी मनात तीन भाग करतो: भाषा, छोटी राहिलेली गोष्ट, आणि ट्रीटमेंट बदलणारी गोष्ट. पहिल्याला जमलं तर हात लावतो, दुसरी कमेंटमध्ये लिहितो, तिसऱ्याला त्याच दिवशी तोंडी बोलतो, तेही बाजूला घेऊन, सगळ्या युनिटसमोर नाही.

आणि गुपचूप ओव्हरराइट करून साइन करणं बंद करा राव! पोरांना फायनल रिपोर्ट परत उघडून बघायला वेळ मिळत नाही, मग तीच चूक पुढच्या पोस्टिंगला पण तशीच. जुना ड्राफ्ट ठेवा, फायनलशेजारी लावून दाखवा, सिस्टीममध्ये सोय नसेल तर साध्या वहीत केस नंबर आणि काय बदललं ते लिहा, पेशंटचं नाव नको. जे अवघड होतं आणि बरोबर लिहिलं तेही त्याच वहीत आलं पाहिजे.

रात्रीचा प्रोव्हिजनल (तात्पुरता) रिपोर्ट वॉर्डात गेलेला असेल आणि सकाळी तुम्ही मोठा बदल केलात तर नुसतं सिस्टीममध्ये बदलून भागत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरला फोन करा, कोणाशी किती वाजता बोललात ते रिपोर्टमध्ये टाका आणि फायनल झालेल्या रिपोर्टमध्ये बदल असेल तर तारीख-वेळेसह ॲडेंडम (पुरवणी नोंद) लावा. तो फोन जेआरला शेजारी उभं करून करा, पुढच्या वेळी काय बोलायचं ते त्याला ऐकूनच समजेल.