पुरात बुडालेला जुना वाडा दुरुस्त करताय? या चुका टाळा

ओल्या मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा. पहिली चूक हीच, आणि सगळ्यात महागात पडणारीही हीच. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, दुधाळीत, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत हेच पाहिलं. २०२१ च्या जुलैनंतर पुन्हा तेच.

माझ्या आत्तींचं घर शुक्रवार पेठेत. काळ्या दगडाचं जोतं, वर दीड फुटी मातीच्या भिंती, सागवानी खांब. २०१९ ला सहा दिवस घरात कमरेच्या वर पाणी होतं. मी म्हणालो, "आत्ती, खालचा गिलावा काढून भिंती उघड्या ठेवू. उन्हाळ्यात चुन्याचं काम धरू." आतेभाऊ म्हणाला, "दादा, दिवाळीला काय पाहुण्यांना उघड्या भिंती दाखवायच्या?" त्यानं ठेकेदार गाठला. पंधरा दिवसांत सिमेंटचा गिलावा, त्यावर चार फुटांपर्यंत टाइल्स, वर प्लास्टिक पेंट. दिवाळीत घर झकास दिसलं.

शिमग्याच्या सुमारास टाइल्सच्या वर पांढरा खार फुटला. मग पोपडे. पुढच्या पावसाळ्यात वास सुरू झाला. २०२१ ला पाणी पुन्हा आलं आणि उतरल्यावर माजघराची भिंत मधूनच बसली. टाइल्स लावलेलं सिमेंटचं कवच उभं होतं, आतली माती खाली घसरली होती. हात घातला तर कणकेसारखी मऊ लागली. शेजारच्या सागवानी खांबाचा तळ बोटानं कुरतडता येत होता. दोन वर्षं तो खांब ओलीत उभा होता.

कारण साधं आहे. चुन्याच्या आणि मातीच्या गिलाव्यातून ओल हवेत निघून जाते. सिमेंट ती आत कोंडतं. मग ओल वर चढते, बाजूच्या लाकडात शिरते आणि जिथं वाट मिळेल तिथं खार घेऊन बाहेर पडते. तो गिलावा नंतर काढायला गेलात तर सोबत भिंतीचा पापुद्राही येतो.

भिंत वाळायला इंचाला महिना, हा आमचा ढोबळ हिशेब. दीड फुटाची भिंत दोन्ही अंगांनी उघडी ठेवली तरी नऊ महिने. दोन फुटांची असेल तर वर्ष. लोकांना हे ऐकवत नाही. गणपतीच्या आत रंग द्या म्हणणारे फोन मला दरवर्षी येतात; ती कामं मी घेत नाही. मी पाण्याच्या रेघेच्या वर दीड-दोन फुटांपर्यंत जुना गिलावा हातानं खरवडतो (ब्रेकर मशीन मातीच्या भिंतीला लावू देत नाही), दारं-खिडक्या उघड्या ठेवतो आणि थांबतो. हॅलोजन, हीटर लावून भिंत भाजायची नाही. वरचा थर तडकतो, आत ओल तशीच राहते. वाळली का ते बघायला हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावा. दोन दिवसांनी मागं थेंब दिसले तर रंगाचा विषय काढू नका. चुन्याच्या गिलाव्याला थोडी ओल चालते, रंगाला नाही. तो गिलावा एप्रिलच्या उन्हात केलात तर मात्र गोणपाट ओलं करून झाकत राहा, नाहीतर भेगा पडतात.

दुसरी चूक लाकडाची. पाणी उतरल्यावर जुनं लाकूड घेणारे दारात येतात, "तुळया कुजल्या, लोखंडी चॅनेल टाका" म्हणतात, आणि घाबरलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्यांचं सागवान मातीमोलानं देतात. चांगलं सागवान आठवडाभर पाण्यात राहिल्यानं संपत नाही. दाभण घेऊन टोचून बघा, खास करून तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आणि खांबाचा तळ. दाभण सहज आत गेलं तर तेवढाच भाग कापून सुताराकडून जोड घ्या. त्याआधी टेकू द्या, एका खांबाला दोन. फुगलेल्या दाराला लगेच रंधा मारू नका, वाळलं की बोटभर फट पडते. सावलीत वाळू द्या.

तळघरात पाणी असेल तर पंप लावून एका दिवसात उपसू नका. बाहेरची माती पाण्यानं भरलेली असते. आतलं पाणी एकदम गेलं की ती भिंतीला आत ढकलते. रोज दोन-अडीच फूट काढा, रात्रीत परत चढलं तर थांबा.

गाळ काढण्याआधी पंचनाम्यासाठी फोटो काढा.

मेन स्विच वायरमननं तपासल्याशिवाय चालू करायचा नाही.

आड असेल तर उपसून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाका.

भिंतीवरची पाण्याची रेघ पुसायच्या आधी तिथं एक खिळा ठोका. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, पण तुमच्या घराची पातळी तो खिळा सांगतो. मीटर, स्विचबोर्ड, धान्याची कोठी आणि कागदपत्रांचं कपाट पुढच्या वेळी त्याच्या वर किमान दोन फूट घ्या.