अनोळखी माणसाचं चरित्र वीस मिनिटांत सांगायचं असेल तर

आमच्या नौपाड्याच्या ज्येष्ठांच्या गटात दर महिन्याला एकाने एक चरित्र सांगायचं असतं. भाची अमेरिकेत युटा राज्यात राहायला गेली, म्हणून मी तिथल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा पुढारी जेडेडाया ग्रँट निवडला आणि जन्मतारखेपासून सुरुवात केली. पाचव्या मिनिटाला आवळासुपारीची डबी फिरू लागली.

पाचपाखाडीत पुन्हा बोलायची वेळ आली तेव्हा सुरुवात ठाणे स्टेशनापासून केली. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली गाडी इथे आली, तेव्हा ग्रँट युटातल्या सॉल्ट लेक सिटीचा महापौर होता. पहिलाच, १८५१ ते १८५६. युटात रूळ जोडले गेले १८६९ला. तोवर बैलगाड्याच. युटाकडे निघालेल्या १८४७च्या मॉर्मन तांड्यात वाटेत त्याची तान्ही लेक गेली, मग बायको कॅरोलाइन. तिला वाटेत न पुरता त्याने गाडीतून सॉल्ट लेकला नेलं. इथे थांबा, घोटभर पाणी प्या. मी थांबले नव्हते, लगेच पदांवर गेले, चुकलंच.

पदं सांगताना तिथली घडी आधी समजावा. युटा तेव्हा राज्य नव्हतं, टेरिटरी होती. 'केंद्रशासित प्रदेशासारखं' म्हटलं की माना डोलतात. गव्हर्नर वॉशिंग्टनने नेमलेला ब्रिगहॅम यंग, आणि चर्चचा अध्यक्षही तोच! १८५४पासून ग्रँट त्याचा दुसरा सल्लागार, महापौरपद सांभाळून. "म्हणजे मठाधिपतीचा उजवा हात?" एका आजोबांनी विचारलं. उजवा, म्हणजे पहिला सल्लागार, हेबर किंबॉल; हा डावा.

बायकांचा प्रश्न येणारच, तो आधीच उरका. बहुपत्नीत्व चर्चने १८५२मध्ये उघड जाहीर केलं, ग्रँटनेही ते पाळलं. खिदळू नका. १८५६च्या धर्मशुद्धीच्या मोहिमेतली त्याची जहाल प्रवचनंही गाळू नका. लोकांना पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला लावण्यात तो पुढे होता. साधुपुरुष करून सांगितलात तर श्रोत्यांना वास येतो.

शेवट मात्र घरातला ठेवा. २२ नोव्हेंबर १८५६ला मुलगा झाला, हेबर ग्रँट. १ डिसेंबरला बाप गेला. नऊ दिवसांचं ते पोर १९१८ला त्याच चर्चचं अध्यक्ष झालं. मग कुणीतरी विचारतंच, "वय काय हो होतं त्याचं?" तेव्हा जन्मतारीख सांगा: २१ फेब्रुवारी १८१६.