‘प्रारब्ध’ हा शब्द केव्हा वापरावा

‘नशीब’, ‘दैव’ आणि ‘प्रारब्ध’ हे शब्द बोलताना एकमेकांच्या जागी सहज येतात. परंतु लिहिताना ‘प्रारब्ध’ निवडायचा असेल, तर आधी त्याचा मूळ अर्थ पाहावा. संस्कृतात ‘प्रारब्ध’ म्हणजे ‘आरंभ झालेले’. वेदान्तात पूर्वजन्मांच्या साठलेल्या कर्माला संचित, सध्या हातून घडणाऱ्या कर्माला क्रियमाण आणि संचितातला जो भाग फळ देऊ लागला आहे त्याला प्रारब्ध म्हणतात. भात्यातला बाण, हातातला बाण आणि धनुष्यातून सुटलेला बाण, असा दृष्टान्त त्यासाठी देतात. सुटलेला बाण मागे घेता येत नाही, म्हणून प्रारब्ध भोगावे लागते, भोगून संपवावे लागते. ते उघडत नाही, फळफळत नाही आणि आजमावता तर मुळीच येत नाही. ही सारी क्रियापदे नशिबाची आहेत.

‘नशीब’ अरबीतून आले आणि त्याचा मूळ अर्थ ‘वाटा’. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढून झाली, दोर ओढून तळहात सोलले आणि जाळ्यात टोपलीभरसुद्धा मासळी नाही, तर ‘आज नशीब नाय’ हेच अचूक आहे, कारण रापणीत मासळीचे वाटे पडतात आणि आज हुकलेला वाटा उद्या मिळू शकतो. तेथे ‘प्रारब्ध’ लिहिल्यास एका दिवसाच्या रित्या जाळ्यावर जन्माचे ओझे पडते.

स्वतःची हयगयही या शब्दाखाली झाकू नये. मोहोरावर तुडतुडे दिसत असताना फवारणी लांबवली आणि मोहोर गळला, तर कलमांच्या बागायतदाराने त्याला प्रारब्ध म्हणणे मला पटत नाही. तो चालू हंगामातल्या क्रियमाणाचा परिणाम आहे.

हा शब्द नपुंसकलिंगी आहे, म्हणून ‘माझे प्रारब्ध’, ‘तिच्या प्रारब्धात’ असे लिहावे. शेवटचे जोडाक्षर ‘लुब्ध’मधल्यासारखे ‘ब्ध’ आहे, ‘शब्द’मधल्यासारखे ‘ब्द’ नव्हे.

सर्वांत जपावे ते बोलणारा कोण याला. दर्यावर गेलेला मुलगा परतला नाही, तेव्हा ‘माझं प्रारब्ध’ असे त्याच्या आईने म्हणावे, कारण ते तिचे सोसणे आहे. सांत्वनाच्या पत्रात ‘तुमचे प्रारब्धच तसे होते’ हे वाक्य मात्र कधीही लिहू नये, कारण वाचणाऱ्या आईला त्यात ‘हे तुझ्याच पूर्वकर्माचे फळ’ एवढेच ऐकू येते.