खान्देशात घरासाठी कौल निवडताना

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पावसाळ्याच्या तोंडावर सुटणाऱ्या वादळाने रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या होतात. इथे छपराचं साहित्य ठरवताना आधी ऊन, मग वारा आणि शेवटी पाऊस हा क्रम धरावा. नवापूर, अक्कलकुवा, धडगावच्या डोंगरपट्ट्यात मात्र पाऊस पहिला.

उन्हाच्या हिशेबाने भाजलेल्या मातीचं मंगलोरी कौल बहुतेक घरांना चांगलं. कौलांच्या सांध्यांतून आतली गरम हवा निघून जाते, पत्र्याखाली ती कोंडते. दुसरं कारण जमिनीचं. तापीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि पाया उथळ असेल तर भिंतीही थोड्या हलतात. सुटी मांडलेली कौलं एवढी हालचाल सोसतात, सिमेंटने जखडलेलं छप्पर मात्र तडकतं.

सिमेंटची कौलं दिसायला एकसारखी आणि मजबूत असतात. चौरस मीटरला १० च्या आसपास लागतात, पण एकेक साडेचार किलोच्या घरातलं. म्हणजे चौरस मीटरला ४५ किलो. रंगही उन्हाने उतरतो. लोखंडी सांगाडा नवाच करणार असाल आणि माकडांचा त्रास असेल तर ती घ्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत वानरांची टोळी छपरावरून गेली की मातीची कौलं फुटतातच. जुन्या सागवानी वाशांवर मात्र सिमेंटची कौलं चढवू नयेत.

कुंभाराकडची नळीची कौलं स्वस्त आणि गार, पण दरवर्षी शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा बसवणं, आलीच. रंगीत पत्रा सर्वांत हलका, चौरस मीटरला जेमतेम ५ किलो. त्याखाली छत घालणार नसाल तर दुपारी खोलीत बसवणार नाही. शिवाय स्क्रूखालचे रबरी वायसर उन्हाने कडक होतात आणि काही वर्षांनी तिथूनच गळती लागते. जुने अ‍ॅस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे काढायचे असतील तर ओले करून अख्खे उतरवावेत. कापू, फोडू नयेत, त्यांची धूळ फुफ्फुसाला घातक असते.

मंगलोरी कौल घेताना नुसत्या लाल रंगावर जाऊ नका. गठ्ठ्यातली पाच-सहा कौलं कुठूनही काढा. बोटाच्या पेराने वाजवल्यावर खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाज म्हणजे कच्ची भाजणी किंवा आत चीर. दोन कौलं एकमेकांत बसवून पाहा, डुगडुगली तर पीळ आहे. मागच्या बाजूचे, रिपेला (कौलं टेकतात त्या आडव्या पट्टीला) अडकणारे टेंभे शाबूत हवेत. मग एक कोरडं कौल वजन करून २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. अडीच किलोच्या कौलाने अर्धा किलोपेक्षा जास्त पाणी प्यायलं तर तो माल नको. वेगवेगळ्या कारखान्यांचे साचे सहसा जुळत नाहीत, म्हणून सगळा माल एकाच साच्याचा घ्यावा.

आता किती घ्यायची ते पाहू. ३० फूट लांब, १६ फूट रुंद घर, दोन पाखी, म्हणजे दोन्हीकडे उतरतं छप्पर. मंगलोरी कौलाला उतार ३० अंशांचा ठेवला की हिशेब असा बसतो: अर्धी रुंदी ८ फूट, वळचण (भिंतीबाहेर आलेली कड) २ फूट, म्हणजे आडवं अंतर १० फूट आणि उतारावरची लांबी साडेअकरा फूट. आढं, म्हणजे छपराचा माथा, भिंतीपेक्षा साधारण साडेचार फूट उंच येईल. दोन्ही टोकांना दीड-दीड फूट बाहेर काढलं तर लांबी ३३ फूट. एकूण क्षेत्र सुमारे ७६० चौरस फूट, म्हणजे ७१ चौरस मीटर. चौरस मीटरला १५ प्रमाणे १०६५ कौलं. तूटफूट धरून ११२५ घ्या. आढ्यावरची कौलं मीटरला ३, म्हणजे ३० लागतात, ३३ आणा. कोरडं वजन २,६५० किलोच्या पुढे जातं, भिजल्यावर तीन टनांच्या वर. सांगाडा या ओल्या वजनाला धरून करावा.

खर्च वाचवायला आढं खाली घेऊन उतार कमी करणं ही सर्रास होणारी चूक. वाऱ्याबरोबर आलेलं पाणी सांध्यातून वर चढतं आणि दोष कौलाला दिला जातो. लाकडी रिपा २ इंच बाय १ इंचाच्या घ्या आणि वासे दीड-दीड फुटावर ठेवा. दोन रिपांमधलं अंतर साधारण साडेबारा इंच, पण ते कौल हातात घेऊन मोजूनच ठरवा, कारण साच्यागणिक अर्ध्या इंचाचा फरक पडतो. मांडणी वळचणीकडून वर. वादळासाठी वळचणीच्या दोन ओळी, दोन्ही कडा आणि आढ्यालगतची ओळ कौलाच्या भोकातून जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेने रिपेला बांधा. मधली कौलं सुटी राहिली तरी चालतात.

आढ्याचं सिमेंट जास्त कडक केलं तर पहिल्याच उन्हाळ्यात केसासारख्या चिरा पडतात. एकास सहा वाळूचा माल, थोडा चुना घालून, पुरेसा होतो. लावण्याआधी कौलं भिजवा आणि नंतर आठवडाभर ओल ठेवा. काचेचं कौल घालायचं तर उत्तरेच्या पाख्यात घाला. उजेड मिळतो आणि वर्षभरात एकूण ऊन कमी उतरतं, मे-जूनमध्ये मात्र डोक्यावरचं ऊन तिथूनही येतं.

स्लॅबवर कौलं हवी असतील तर ती मालात चिकटवू नका. रिपा ठोकून खाली दोन-तीन इंच पोकळी सोडा आणि ती वळचण व आढ्याकडे उघडी राहू द्या. चिकटवलेलं कौल फक्त शोभेचं, स्लॅब तापायचा तो तापतोच.

मे महिन्याच्या अखेरीस एकदा शिडी लावून कौलांच्या खाचा कुंच्याने झाडाव्यात. उन्हाळ्यातली बारीक काळी धूळ तिथे साठते, पहिल्या सरीत तिचा गारा होतो आणि पाणी अडून आत येतं. चालताना पाय वाशाच्या रेषेवर, कौलाच्या खालच्या टोकाशी टाकावा. उरलेली कौलं उभी करून ठेवा, आडव्या थप्पीत खालची फुटतात.