भिंती मोठ्या मापाच्या, खुंट्या लहान मापाच्या

घर व्हीलचेअरसाठी बदलायचे ठरले की पहिला मोह होतो तो आजच्या खुर्चीची रुंदी मोजून गवंड्याला बोलावण्याचा. मूल सहा वर्षांचे असेल तर ती खुर्ची काही वर्षांतच बदलावी लागणार. दार, उतार आणि बाथरूम मात्र ते कॉलेजला जाईपर्यंत तेच राहणार. म्हणून आधी एक कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. एका बाजूला लिहा फोडल्याशिवाय बदलत नाही ते सगळे. ते मोठ्या माणसाच्या मापाने करायचे. दुसऱ्या बाजूला स्क्रू ड्रायव्हरने हलवता येते ते. ते मुलाच्या आजच्या हाताला बसेल असे करायचे आणि दरवर्षी नव्याने पाहायचे.

माप घेताना खुर्ची रिकामी नको, मूल बसलेले हवे. पायपट्टीपुढे आलेली बोटे, चाक फिरवताना बाहेर येणारी कोपरे, मागे लटकवलेली पिशवी हे सगळे मापात धरा. पुढे इलेक्ट्रिक खुर्ची येण्याची शक्यता असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामे जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाला) आत्ताच विचारा, कारण ती लांब असते, बॅटरीमुळे जड असते आणि उचलून पायऱ्यांवरून नेण्याचा प्रश्नच उरत नाही. जागेवर पूर्ण वळायला सुमारे १५० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ लागते. ते खडूने जमिनीवर काढा: मुलाच्या खोलीत, स्वयंपाकघरात, बाथरूममध्ये, घरात शिरल्या शिरल्या. जिथे वर्तुळावर कपाट किंवा पलंग येतो तिथे निम्म्या वेळा फोडकाम नव्हे, सामान हलवणेच पुरते.

दाराची मोकळी वाट ८० सेंटिमीटर हवी, ९० मिळाली तर उत्तमच. इथे चौकटीचे माप फसवे असते. दार ९० अंशांत उघडून पल्ल्यापासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजा. पल्ल्याची जाडी वजा जाते. थोडेच कमी पडत असेल तर पल्ला वाटेतून पूर्ण बाजूला नेणारी बिजागरी मिळते, चौकट वाचते. अरुंद बोळातून काटकोनात वळून आत जायचे असेल तर मात्र ८० पुरत नाहीत. उंबरा काढता आला तर काढाच. राहिलाच तर सव्वा सेंटिमीटरपेक्षा उंच नको आणि कड तिरकी घासलेली हवी. पुढची छोटी चाके तेवढ्यावरही अडकतात आणि मूल पुढे झुकते.

उताराचे गणित साधे, पण जागा खाणारे. १ सेंटिमीटर उंचीला १२ सेंटिमीटर लांबी. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर, म्हणजे ५४० सेंटिमीटर लांब उतार, शिवाय वर आणि खाली दीडेक मीटर सपाट जागा. एवढी जागा नसली की ‘जरा चढा करू, आपण ढकलूच’ असे कुणीतरी म्हणतेच. चढा उतार आज ढकलता येतो, कारण मूल हलके आहे. जागा नसेल तर उतार दुमडून वळवा किंवा उभी लिफ्ट बसवण्याचा विचार करा. कडेला चाक घसरू नये म्हणून सुमारे १० सेंटिमीटरची कठडी, दोन्ही बाजूंना दांडी, आणि ओला झाला तरी निसरडा न होणारा खरखरीत पृष्ठभाग हवा.

सगळ्यात जास्त पैसा आणि विचार बाथरूमवर खर्च करा; दिवाणखाना नंतर झाला तरी बिघडत नाही. नहाणीचा कट्टा नको, सगळी जमीन एका पातळीत, निचऱ्याकडे अगदी हलका उतार. फरशी खडबडीत, चकचकीत नव्हे. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते. आत कुणी पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते. कडी आतून मुलाला लावता यावी आणि गरज पडल्यास बाहेरून उघडता यावी. आज तिची गरज वाटणार नाही, पण बाराव्या वर्षी वाटेल. कमोडच्या एका बाजूला खुर्ची लावायला सुमारे ९० सेंटिमीटर मोकळे ठेवा. कोणती बाजू, ते मुलाचा बळकट हात ठरवतो. कमोड मोठ्या उंचीचाच बसवा, मूल वाढेपर्यंत त्यावर ठेवायची लहान बैठक आणि पायाखाली चौरंग चालतो. दांड्यांसाठी भिंतीची ताकद आत्ताच करून घ्या. भिंत पोकळ असेल तर टाइलमागे जाड प्लायवूड घाला, तेही रुंद पट्टा, म्हणजे दांडी वर-खाली सरकवता येईल. बेसिनखाली गुडघ्यांना जागा ठेवा आणि गरम पाण्याचा पाइप गुंडाळून घ्या: पायात संवेदना नसेल तर चटका बसल्याचे मुलाला कळतच नाही. त्याच कारणाने नळावर तापमान बांधून ठेवणारा व्हॉल्व्ह हवा. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत भाजते.

आता पालकांच्या पाठीबद्दल. आरोग्यसेवेत माणसाला हातांनी उचलण्यासाठी सुचवलेली वजनाची मर्यादा साधारण १६ किलो आहे, तीही सगळे अनुकूल असताना. चार वर्षांच्या सर्वसाधारण मुलाचे वजनच तेवढे असते. दहाव्या वर्षी ते दुप्पट झालेले असते. मुलाला झोळीत उचलून नेणारी, छताला रूळ लावून चालणारी लिफ्ट आज घ्यायची नसली तरी पलंग ते बाथरूम या वाटेवर छत तो भार पेलेल का, हे काम सुरू असतानाच अभियंत्याला दाखवून घ्या.

रेघेच्या दुसऱ्या बाजूला येऊ. अमेरिकेच्या प्रवेशसुलभता मानकांत खुर्चीतून मुलांचा हात कुठे पोचतो याचे मार्गदर्शन आहे: ३–४ वर्षांत जमिनीपासून ५१ ते ९१ सेंटिमीटर, ५–८ वर्षांत ४६ ते १०१, ९–१२ वर्षांत ४१ ते ११२. यातून एक सोय निघते. दिव्याचे बटण ९० सेंटिमीटरवर बसवले तर ते तिसऱ्या वर्षी पोचते आणि तिसाव्या वर्षीही. कपड्यांचा दांडा, खुंट्या, पुस्तकांची फळी मात्र भोकांच्या पट्ट्यांवर बसवा, सरकत्या. टेबल उंची बदलणारे घ्या. आणि आपले कपाट कुठल्या बाजूला हवे हे मुलालाच विचारा. बहुधा त्याचे उत्तर आपल्या अंदाजापेक्षा वेगळे येते.

खुर्चीला मात्र हा वाढत्या मापाचा न्याय लावू नका. गणवेश एक माप मोठा चालतो, खुर्ची चालत नाही: सैल बैठकीत अंग एका बाजूला कलते आणि चाकेही हाताला लांब पडतात. चौकट वाढवता येणारी खुर्ची मिळते. आज अंगाला बसणारी, उद्या रुंदावणारी.

पलंगाची उंची खुर्चीच्या बैठकीइतकी ठेवा. चार्जिंगचे सॉकेट खुर्ची रात्री उभी राहते तिथे, बाहेर पडायच्या वाटेत नको. पायपुसणी आणि सुटे गालिचे काढून टाका. आग लागली तर लिफ्टशिवाय मुलाला कोण आणि कुठून बाहेर काढणार, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवे.

आणि टाइल बसण्याच्या आदल्या दिवशी, उघड्या भिंतींना टेप लावून फोटो काढा: प्लायवूड कुठून कुठपर्यंत आहे, पाइप कुठून जातो, वायर कुठे वळते. ते फोटो घराच्या कागदपत्रांतच ठेवा. आठ वर्षांनी दांडी वर सरकवायला येणाऱ्या सुताराला भोक कुठे पाडायचे ते त्यावरूनच कळेल.