पक्षी दिसला, ग्रुपवर टाकला: या चुका टाळा

हिवाळा लागला की पुण्यातले पक्षीनिरीक्षकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सकाळपासून वाजायला लागतात. घोळ मात्र दरवर्षी तोच. जे नेमकं सांगायला हवं ते गुळमुळीत असतं, आणि जे झाकायला हवं ते लोकेशनसकट येतं.

"भिगवणला खूप रोहित (फ्लेमिंगो)"

भिगवण म्हणजे एक जागा नव्हे. उजनीचं फुगवट्याचं पाणी कुंभारगाव, डिकसळ आणि पुढे कितीतरी किलोमीटर पसरलंय. हा मेसेज वाचून पहाटे निघालेल्या माणसानं कुठला काठ गाठायचा? गाव लिहा, काठ लिहा, आकडा लिहा. थवा मोठा असेल तर नजरेनं दहा-दहाचे गठ्ठे बांधा आणि असे किती गठ्ठे बसतात ते मोजा. "अंदाजे २५०" चालेल. "खूप"ची पुढच्या वर्षीच्या "खूप"शी तुलना कशी करणार?

तारीख फोटो काढल्याची हवी, टाकल्याची नको. कॅमेऱ्याची बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली की घड्याळ चुकू शकतं, म्हणून निघण्याआधी ते फोनशी ताडून बघा. जुना फोटो टाकायचाच असेल तर साल पहिल्याच ओळीत द्या. नाहीतर जूनमधला नवरंग डिसेंबरात "आज दिसला" म्हणून फिरतो आणि लोक वेताळ टेकडी पालथी घालतात.

पुरेसा मेसेज एवढाच असतो: "ठिपकेवाली तुतारी (वुड सँडपायपर), ३, कवडीपाट, बंधाऱ्याजवळचा चिखल, १२ डिसेंबर, स. ७.२०." कंसातलं नाव आळसानं गाळू नका, नुसतं "तुतारी" किंवा "खंड्या" म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळा पक्षी येतो.

ओळख पटत नाही, कारण फोटोच मेलेला असतो

२४ मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू ६००० पिक्सेलची असते. साध्या पद्धतीनं पाठवल्यावर व्हॉट्सअ‍ॅप ती साधारण १६०० वर आणतं. म्हणजे मूळ फोटोत ६०० पिक्सेल व्यापणारा पक्षी ग्रुपवर पोहोचेपर्यंत १६० चा होतो. उपाय सोपा आहे: आधी क्रॉप करा, मग पाठवा, आणि एचडी निवडा.

वरचीच तुतारी घ्या. तिची हिरव्या तुतारीशी हमखास गल्लत होते. ठिपकेवालीची भुवई (डोळ्यावरची फिकट पट्टी) डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, हिरवीची डोळ्यापाशीच संपते. उडताना हिरवीच्या पंखांची खालची बाजू काळपट दिसते, ठिपकेवालीची फिकट. पाय ठिपकेवालीचे पिवळसर, हिरवीचे गडद. आता रंग भडक करणारा फिल्टर लावला की पायांची खूण गेली. एआय वापरून "नॉइज" (फोटोतले दाणे) काढला की सॉफ्टवेअर पिसांवरची नक्षी स्वतःच्या मनानं भरतं, आणि मग जाणकार त्या नक्षीवरून वाद घालत बसतात. ओळख विचारायची असेल तर न सजवलेले दोन-तीन फोटो द्या: एक बाजूनं, एक पाठीचा, जमलाच तर एक उडतानाचा, कितीही हललेला असला तरी. हललेला फोटो टाकायला लाजतात लोक, पण पंखाखालचा रंग बहुधा त्यातच सापडतो.

घरटं आणि घुबड: इथं मात्र तोंड शिवा

शृंगी घुबड दगडखाणीच्या कपारीत वर्षानुवर्षं तीच जागा धरून राहतं. पिन टाकली की रविवारी तिथं वीस लेन्स उभ्या राहतात. माणसांची ये-जा पाहून कावळेही घरटी हेरतात. दिवाळीच्या सुमारास घुबडांची चोरटी विक्री वाढते ती वेगळीच. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये "शिकार" या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही येतं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

म्हणून जागा सांगायचीच तर "पुणे जिल्हा" पुरे. फोटोच्या मागे दिसणारा मोबाइल टॉवर, देवळाचा कळस, खाणीची ओळखू येणारी भिंत कापून टाका. फोनवर काढलेला फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला तर त्यातलं जीपीएस जसंच्या तसं जातं; नेहमीच्या पद्धतीनं पाठवला तर गळून पडतं. कॅमेरा अ‍ॅपमधलं लोकेशन बंदच ठेवलेलं बरं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर जागा धूसर करायची सोय आहे, ती वापरा. ई-बर्ड ही पक्षीनोंदींची साइट संवेदनशील जाती आपोआप झाकते, पण त्याच नोंदीचा पत्ता ग्रुपवर लिहिलात तर झाकून उपयोग काय?

सासवड, सुप्याच्या माळांवर आणखी एक अडचण आहे. माळटिटवी, धाविक, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. "गाडी थेट आत जाते" असं लिहिलं की मागून येणाऱ्या गाड्या त्याच अंड्यांवरून जातात.

"मर्लिननं सांगितलं"

मर्लिननं (आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या अ‍ॅपनं) शिक्र्याचा आवाज दाखवला तरी फांदीवर कोतवाल असू शकतो. तो शिक्र्याची नक्कल झकास करतो. पक्षी पाहिला नसेल तर "फक्त आवाज, मर्लिन" असं स्पष्ट लिहा.

आणि ओळख चुकली तर? व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पंधरा मिनिटांपर्यंतच बदलता येतो. त्यानंतर मूळ मेसेजलाच उत्तर म्हणून दुरुस्ती टाका. फोटो गुपचूप डिलीट करू नका, कारण तोवर तो चार ग्रुपांत गेलेला असतो. ई-बर्डवरची यादी मात्र केव्हाही सुधारता येते. ती त्याच दिवशी सुधारा.